राणू बिन संतू वगैरे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकरी घरात जाऊन मूळ पुरुषाची चौकशी करा. तो हमखास पानिपतावर लढलेला निघतो. लढून परतही आलेला असतो, कारण नाहीतर पुढचा वंश वाढणार कसा? 1761 साली पानिपताहून जिवंत आलेल्यांची गणती अशा घरगुती हकिकतींवरून केली, तर ती तिथे गेलेल्या फौजेपेक्षा जास्त भरेल. ज्यांना पानिपत लांब पडतं, ते थेट उदेपूरहून येतात. येताना मूळ पुरुषाजवळ एक घोडी, एक तलवार आणि एक ताम्रपट असतो. घोडी काळाच्या ओघात मेलेली असते, तलवार थोरल्या पातीकडे गेलेली असते आणि ताम्रपट ‘त्या कुलकर्ण्यानं दाबला’.

हा इतिहास पारावर उत्तम चालतो. पंचाईत होते ती, घरातल्या एखाद्याला ‘याचा कागद आहे का कुठे?’ असं विचारायची बुद्धी झाली की. आमच्याकडे ती मला झाली.

माझी वेळ तशी बरी होती. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी हुडकायचं काम सुरू झालं आणि पूर्वज शोधणं हा चार विक्षिप्त माणसांचा नाद न राहता गावोगावचा उद्योग झाला. त्यातल्या राजकारणात मला पडायचं नाही. तिथे माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची माणसं आहेत. पण मोडी वाचणाऱ्यांना त्यामुळे जे दिवस आले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. 1950 च्या सुमारास ही लिपी कचेऱ्यांतून गेली. त्यानंतर मोडी शिकणारा म्हणजे, निवृत्तीनंतर घरच्यांना आपला ताप नको म्हणून काहीतरी पाठीमागे लावून घेतलेला सज्जन, एवढीच त्याची ओळख उरली होती. आता हा सज्जन तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर टेकला, की त्याच्या चहाचे पैसे परस्पर दिले जातात आणि बाकावर त्याच्यासाठी रुमालानं जागा झटकतात.

वंशाचा शोध सातबाऱ्यापासून सुरू होतो आणि पुष्कळांचा तिथेच भांडण होऊन संपतो. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर काही नावं कंसात असतात. कंस पडला म्हणजे तो माणूस त्या जमिनीतून कमी झाला. आपल्याकडे माणूस गेला की आधी दहावा होतो, मग तेरावा, मग भावकीची बैठक, आणि मग सवडीनं त्याला कंस होतो. या कंसातल्या माणसांचा हात धरत धरत मागे जायचं. प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. फेरफाराची नोंदवही काढली की माणसाचं चरित्र मिळतं, असं मला सांगण्यात आलं होतं.

मिळतं, पण ते तलाठ्यानं लिहिलेलं चरित्र असतं. त्यात माणूस मेला, त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं किंवा भावानं वाटणी मागितली, एवढंच घडतं. मधल्या साठ वर्षांत तो काय करत होता याच्याशी नोंदवहीला कर्तव्य नाही. शिवाय सगळी भाषा आखडलेली. आमच्या एका चुलत्यांनी फेरफाराच्या नकला वाचून मला रात्री फोन केला.

“अरे, आपल्या खापरपणज्याला एकुमॅ नावाचा कोणी भाऊ होता का?”

“नाही काका, ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर.”

“असं होय! आणि ही अपाक कोण? एकुमॅची बायको?”

अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस वयात आलेला नसला की त्याच्या वतीनं जे कोणी उभं राहतं ते. काकांनी वंशावळीच्या कागदावर दोघांचं लग्न लावून दिलं होतं. मी सांगितलं नसतं, तर बारसंही उरकलं असतं.

फेरफारांच्या पायऱ्या उतरत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला 1903 साली, आणि गावोगावी ती वही उघडेपर्यंत पुढची काही वर्षं गेली. तिच्या अलीकडे सरकारला ‘ही जमीन कोणाकोणाची?’ असा प्रश्न पडतो. पलीकडे मात्र त्याला एकच गोष्ट विचारायची असते: सारा कोण भरतो? जो भरतो त्याचं नाव खात्याला. साधारणपणे तो घरातला थोरला. त्याच्या पाठचे चार भाऊ त्याच वाड्यात जेवत होते, त्याच शेतात राबत होते, पण सरकारी कागदाच्या दृष्टीनं ते जन्मालाच आले नव्हते. आता गंमत अशी की आज जे कोणी कागद शोधतायत, त्यातले बहुतेक या धाकट्या भावांचे वंशज. थोरल्याचे वंशज निवांत असतात आणि ‘तुमचं नाव नाही सापडत का? अरेरे,’ असं फार मनापासून म्हणतात.

यापुढे खरी मजा. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत आडनाव बऱ्याचदा नसतंच. ‘राणू बिन संतू’ एवढं लिहिलं की काम झालं. पाटील ओळखतो, कुलकर्णी ओळखतो. तिसऱ्या कोणाला ओळखायची गरज काय? तीही अडचण चालवून घेतली असती, पण आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. त्यामुळे 1840 च्या सुमारास राणू बिन संतू असतो, मग संतू बिन राणू येतो, आणि पुढे तीस वर्षांनी पुन्हा राणू बिन संतू हजर. हा तोच म्हातारा चिवटपणे जगला की नातू आला, हे कागद सांगत नाही. मी शेवटी दोन राणूंमधला फरक त्यांच्या बाकीवरून ओळखायला शिकलो. एकाची थकबाकी आण्यांत असे, दुसऱ्याची रुपयांत. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच.

त्यातून दगडू, धोंडू, केरू, भिका, उकिर्डा या मंडळींनी तर पानं भरलेली. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे त्याच्याकडे कोणाची, अगदी यमाचीही, नजर जायची नाही. यमाचं माहीत नाही, पण मोडी वाचणाऱ्याची नजर मात्र चुकते. एकाच गावात एकाच वर्षी सात-आठ दगडू खातेदार भेटले की वाचणारा चष्मा काढून बाहेर जाऊन पान खाऊन येतो.

माणसांच्या बाबतीत असा हात आखडता, आणि जमिनीच्या बाबतीत? तिथे सरकारनं काही कमी ठेवलं नाही. 1830 च्या आसपास प्रिंगल नावाच्या साहेबानं दख्खनची मोजणी केली आणि सारा ठरवला. तो इतका जड झाला की लोक शेतं टाकून निघून गेले. मग 1836 पासून इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली, तीस-तीस वर्षांचा सारा बांधून दिला आणि हीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. तेहतीस फुटी साखळी. साखळीला साखळी गुणली की एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. आज शहरात ‘गुंठामंत्री’ म्हणून जो काही वर्ग आहे, त्याचा खरा मूळ पुरुष ही साखळी आहे. त्यानं तिची तसबीर घरात लावायला हरकत नाही.

साखळी फिरली, शेताला नंबर पडला, टिपणात त्याची आकृती निघाली. मग माणसं खड्डा खणून मातीची खोली बघायची. पावणेदोन हात खोल काळीभोर माती म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. नुसती खोली पाहून थांबले नाहीत. चुनखड आहे का, रेती आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, अशा एकेका दोषाची खूण करून ठेवली. म्हणजे आमच्या माळाच्या तुकड्यात 1850 च्या दशकात नेमका कुठे चुनखड होता हे मला आज ठाऊक आहे. ज्यानं तो आयुष्यभर नांगरला त्याची उंची, रंग, तो बोलका होता की घुम्या, यातलं एक अक्षर नाही. घराण्यातले दोष असे खुणा करून ठेवले असते तर पुढे सोयरीक जमवणाऱ्यांचा किती वेळ वाचला असता!

बरं, जुन्या काळी आपलं घराणं फार मोठं होतं, हे ऐकलेलं असतं. त्याला मात्र कागदात थोडा आधार मिळतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून 1917 साली पुस्तक काढलं. तिथलं सरासरी खातं 1771 मध्ये 40 एकरांचं होतं, ते 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आलेलं त्यांना दिसलं. म्हणजे पूर्वज मोठे होते हे खरं. त्यांना मुलगे जास्त झाले, एवढंच. त्याच पिंपळे सौदागरात आता उंचच उंच इमारती झाल्या आहेत आणि तिथे माणसं चौरस फुटांवर भांडतात. गुंठा सुटला, भांडण सुटलं नाही.

आता खानेसुमारी. माझा पुतण्या इंग्लंडात असतो. त्याच्या शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं आपला शेतकरी पणजोबा एका संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या शोधून काढला. 1851 च्या इंग्लिश खानेसुमारीत शेतकऱ्याला एकर किती आणि गडी किती तेही विचारत. घरातली सगळी नावं, वयं, नोकर, पाहुणे, सगळं पानावर. शंभर वर्षं झाली की ती पानं लोकांना खुली. 1921 ची 2022 मध्ये उघडली. पुतण्यानं मला रात्री विचारलं, “काका, खानेसुमारी आपल्याकडेही त्याच सरकारनं केली ना? मग आपला खापरपणजोबा कुठंय?”

केली होती. सबंध देशात एकाच रात्री मोजणी झाली ती 17 फेब्रुवारी 1881 ला. प्रगणक दारोदार फिरले, वय विचारलं, जात विचारली, धंदा विचारला. वय विचारल्यावर लोकांनी ‘असेल चाळीस’ असं मोघम सांगितलं, त्यामुळे त्या काळात तिशी, चाळिशी आणि पन्नाशी याच वयांत माणसं फार आढळतात. एकेचाळीस व्हायची कोणाला फुरसत नव्हती. घरात वेडा, आंधळा, मुका-बहिरा, महारोगी कोणी आहे का, हेही विचारलं होतं. मग या सगळ्याची बेरीज झाली, कोष्टकं छापली गेली आणि घराघरांची पानं राहिली नाहीत. कोष्टकांतून एवढं समजतं की 1876 ते 78 च्या दुष्काळानं पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत नऊ वर्षांपूर्वीपेक्षा माणसं कमी भरली. राणू त्या उरलेल्यांत होता, म्हणून मी आहे. बाकी आमच्या घरातला वेडा कोण, हे सरकारला एका रात्रीपुरतं अधिकृतपणे माहीत होतं. आता भावकीला एकमेकांबद्दल अंदाजच बांधत बसावं लागतं.

पुढेही तेच. 1948 च्या जनगणना कायद्यानं मोजणीची कागदपत्रं बघायला मागायची नाहीत आणि पुरावा म्हणून धरायची नाहीत. अपवाद म्हटला तर 1951 च्या जनगणनेवरून उतरवून घेतलेलं नागरिकांचं रजिस्टर. ते काही तहसिलांत टिकलं, आणि तेवढंच आपल्या वाट्याला आलं.

गोऱ्या म्हाताऱ्याचे कागद सरकारनं जपले. आपल्याकडचे सगळेच सरकारनं घालवले असं मात्र म्हणता येत नाही. आपल्या पूर्वजांनीही हातभार लावला. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, खतं, रोखे, वह्या बाहेर ओढल्या आणि पेटवून दिल्या. तिथून हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव गेलं. माणसांना फारसा हात लावला नाही, राग कागदावर. जिथे सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तिथे प्रकरण तेवढ्यावर मिटलं. जाळणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या खतांवर त्यांची शेतं चढलेली होती. पण आज त्यांचाच पणतू वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात नाक खुपसून ‘आमच्या आजाच्या आजाच्या नावाचं एखादं खत असेल का हो?’ म्हणून विचारत फिरतो, तेव्हा त्या खताची राख सुप्याच्या बाजारात शोधायला हवी हे त्याला कोणी सांगायचं? 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा या दंग्यानंतरचा. त्यानं गावोगावी दस्त नोंदणारा कारकून बसवला. कागद जाळल्याचं फळ काय, तर आणखी कागद.

जन्ममृत्यूच्या नोंदवहीकडे, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्याच्याकडे, फार आशा ठेवून गेलो होतो. तिथे मरणाची कारणं स्पष्ट असतात: ताप, देवी, पटकी, पुढे प्लेग. जन्मणाऱ्याचा मात्र उल्लेख ‘मुलगा’. बारशाआधीच नोंद झाली, नाव ठेवलं तेव्हा पुन्हा कोण सांगायला जातंय? आणि मुलीच्या नोंदीपुढे जो शुकशुकाट सुरू होतो तो थेट सातबाऱ्यापर्यंत. खापरपणजीचं नाव शोधणं हा तर वेगळाच योग. राणूची बायको नुसती ‘राणूची बायको’ असते. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत कधीमधी बायकांची नावं सापडतात. नाशिकला एकदा कोणी आजी यात्रेला गेली आणि तिनं स्वतः सांगितलं, म्हणून. महसुलाच्या खात्यापेक्षा गंगेकाठचा भटजी या बाबतीत पुढे होता, हे मान्य करायला हवं. सरकारी कागदांवर आईचं नाव लिहायचं ठरलं ते आत्ता, 2024 साली.

तारखांचा घोळ वेगळाच. जुन्या कागदावर ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’ असं वाचून आमच्या आबांनी हात जोडले. त्यांना तो मंत्र वाटला. ती तारीख आहे. शुहूर सन, अरबी आकडे उलटे वाचायचे: पाच, वीस, दोनशे आणि हजार. म्हणजे 1225, त्यात 599 मिळवले की इसवी 1824. मराठवाड्याकडच्या सोयऱ्यांचे कागद फसलीत आणि उर्दूत. शकाला 78, फसलीला 590. त्या दिवसांत मी बाजारात भाजीच्या बिलातही 78 मिळवत असे.

या सगळ्यात सुखी माणूस एकच, तो म्हणजे हेळवी. कोल्हापूर-सांगलीकडे सुगी झाली की हा येतो आणि दारात उभं राहून तुमच्या सात पिढ्या धडाधड म्हणतो. त्याच्या कथनात कोणी बाकीदार नसतो, कोणी अपाक नसतो. सगळे दानशूर. पायलीभर धान्य टाकलं की एखादी पिढी आणखी उजळते. तहसील कचेरीत कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा लागतो आणि वर ‘सदर अभिलेख जीर्ण’ असं उत्तर येतं. दोहोंतला दर बघितला तर हेळव्याचं स्वस्त पडतं.

पण अखेर आमच्या घराण्याचा सर्वांत जुना, ठळक, दोन बोटं जाड असा कागदाचा गठ्ठा मिळाला. मोडीवाचक थाटात घसा साफ करून वाचू लागला. घरची सगळी मंडळी जमलेली. आबांनी फेटा बांधला होता, न जाणो ताम्रपटाचा उल्लेख यायचा. निघाला तो मामलेदारापुढचा तंटा. दोघे सख्खे भाऊ. एकाचं म्हणणं, दुसऱ्यानं बांध दोन हात सरकवला आणि बांधावरची चिंच आपल्या रानात घेतली. दुसऱ्याचं म्हणणं, बांध जागेवरच आहे, चिंचच वाढली. पाच-सहा पंचांचे जबाब. कोणी कोणाला काय शिवी दिली हे जसंच्या तसं. पाटलाची साक्ष, जी दोन्ही बाजूंनी लागू पडते. आणि एका जबाबात जाता जाता ओळ: ‘आमचा वडील भाऊ आळंदीस गेला, सबब तंट्यात हजर नाही.’ त्या वडील भावाचा उल्लेख तेवढाच. सारा वेळेवर भरणारा, बांध न कोरणारा, वारी न चुकवणारा असा हा आमचा खरा थोर पूर्वज असणार. त्याचं नाव कुठेही नाही. माझ्या दप्तरी अनुभवाप्रमाणे ते बरोबरच आहे. चांगल्या माणसाची नोंद घ्यायला सरकारला कारण पडत नाही.

आबा बराच वेळ गप्प होते.

“लेका, दीडशे वर्षं मागं गेलास आणि भांडण घेऊन आलास?”

“आबा, भांडण होतं म्हणून तर कागद होता.”

“मग आपण कुणाचे? चिंच घेणाऱ्याचे का चिंच गेलेल्याचे?”

यावर मात्र घरात दोन तट पडले आणि अजून आहेत. वंशावळीचा फ्लेक्स छापायला टाकला होता तो थांबवलाय, कारण उजवीकडची फांदी कोणाची यावर एकमत होईना. दोन्ही पाती चिंच आपलीच असल्याचं सांगतात. झाड कधीच तुटलं, बांध आहे. गेल्या महिन्यात धाकट्या पातीनं त्याच बांधाच्या मोजणीचा अर्ज दिला. काल थोरल्या पातीची हरकत दाखल झाली. दोन्ही अर्जांवर सगळ्या भावांची, वहिनींची, मुलाबाळांची नावं पूर्ण लिहिलेली आहेत, बापाच्या नावासकट, आडनावासकट.